काळ्या कादंबरीतला माणूस

दोन हजार तेवीस साल. माझं वय त्र्याहत्तर. शिक्षण चौथी पास. पाचवीत बसलो होतो, पण एके दिवशी गुरुजींनी फळ्यावर गाय काढली आणि मी उभा राहून म्हणालो, "गुरुजी, हे गाय नोहे, घोड्याले शिंगं लावले तुमी." गुरुजींनी मला वर्गाबाहेर काढलं. मी जो बाहेर गेलो तो पुन्हा आत आलोच नाही. लोकांची शाळा गरिबीपायी सुटते, माझी गाईपायी सुटली. एवढं सांगून पुढं जातो, कारण मला शाळेबद्दल लिहायचं नाही.

मी पडदे रंगवणारा माणूस. खिडकीचे नाही, नाटकाचे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. ते नाटक ज्याच्यापुढं व्हायचं तो पडदा आमच्या अड्याळपासून लाखनीपर्यंत माझ्या हातचा असायचा. महाल, जंगल, रस्ता आणि तुरुंग, असे चार. पंचवीस फूट मांजरपाट अंगणात अंथरायचं, भाताच्या पेजेत खडूची पूड कालवून त्यावर हात मारायचा, वाळलं की कुंचीनं रंग. माझा महाल पाहून एका गावच्या पाटलानं आपल्या घराला तसेच खांब लावले होते. पडले ते, पण ती गवंड्याची चूक.

मग फ्लेक्स आलं. छापलेला महाल, दोन माणसं उचलून आणतात आणि खिळ्याला टांगतात. त्यातल्या खांबावरच्या पाकळ्या मोजता येतात. ज्याच्या पाकळ्या मोजता येतात तो काय महाल झाला? मी कुंच्या डब्यात घालून डबा माळ्यावर टाकला आणि जो विचारेल त्याला सांगितलं, मीच बंद केलं.

आमची नात नागपूरला कॉलेजात शिकते. यंदा परीक्षा देऊन उन्हाळ्यात घरी आली ती एक वही घेऊन. म्हणाली, "आबाजी, मी एक गोष्ट लिहिली. तिची ग्राफिक नॉव्हेल करायची आहे."

"म्हंजे काय?"

"चित्रांची कादंबरी. पानापानावर चित्रं. आणि सगळी काळी-पांढरी. गुन्ह्याची गोष्ट आहे ना, त्यात उजेड कमी आणि सावल्या जास्त पाहिजेत."

अशा गोष्टींना परदेशी नाव आहे. तिनं ते तीनदा उच्चारून दाखवलं, माझ्या तोंडात ते बसेना. अर्थ विचारला तर म्हणाली, काळा. मग मी म्हणालो, सरळ काळी कादंबरी म्हण ना बाई. तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव काळी कादंबरी.

गोष्ट अशी. लाखनीकडच्या रस्त्यावर एक राइस मिल. एका पावसाळी संध्याकाळी तिथला चौकीदार नाहीसा होतो. सायकल उभी, डबा अजून गरम, माणूस नाही. पोलीस दोन दिवस हिंडून सोडून देतात. पण गावातल्या एका निवृत्त पोस्टमनला चैन पडत नाही, कारण त्या चौकीदाराचं एक रजिस्टर पत्र त्याच्या पिशवीत राहून गेलेलं असतं आणि ते देऊन सही घेतल्याशिवाय त्याला राहवत नाही. तो पत्र घेऊन चौकीदाराला शोधत फिरतो.

ऐकता ऐकता आमच्या बुढीनं हातातलं सूप खाली ठेवलं. "मालकानंच मारलं असन," ती म्हणाली.

"शेवटची पानं मी वहीत लिहिलीच नाहीत, आजी," नात म्हणाली. "पोळ्याला आणीन."

"पोळ्यापर्यंत जीव कसा राहीन माहा?"

नात माझ्याकडं वळली. "चित्रं तुम्ही काढा, आबाजी. नाही जमलं तर माझ्या वर्गात एक पोरगा आहे, तो कॉम्प्युटरवर काढून देतो म्हणतो. आठ दिवसात."

इथं मी चुकलो. माणसानं आधी विचार करावा, मग बोलावं. मी म्हणालो, "माह्या घरात गोष्ट लिहिली जाईन अन् चित्र मशीन काढन? तीस पानं होय ना? पोळ्याला घेऊन जाय."

बुढीनं माझ्याकडं एकदा पाहिलं. ती का पाहत होती ते मला ठाऊक होतं, पण ते मी आत्ताच सांगत नाही.

नात गेली. जाताना शाईची बाटली ठेवून गेली. मी झाकण काढून वास घेतला. औषधाचा वास येत होता. असल्या शाईनं खून काढायचा म्हणजे माणूस मरायच्या आधी बरा व्हायचा. मी तव्याच्या बुडाची काजळी खरवडली, सरसाच्या पाण्यात घोटली आणि माझा काळा माझा मी केला. बुढी म्हणाली, लग्न झाल्यापासून तुमी पहिल्यांदा तवा घासला, अशी रोज एक कादंबरी काढत जा.

पहिलं पान तीन दिवस काढलं. पांढऱ्या कार्डशीटवर काळ्या रेघांनी मिल, मिलचं फाटक, फाटकापाशी सायकल. भिंतीला टेकवून लांबून पाहिलं. सगळं बरोबर होतं, आणि सगळं मिळून मिलच्या उद्घाटनाच्या पत्रिकेसारखं दिसत होतं. भीती कुठंच नव्हती. उलट वाटावं की आत जेवणाच्या पंगती बसल्या आहेत.

याचं कारण असं की जन्मभर मी काळ्यापासून लांब राहिलो. पडद्यावर काळा रंग चालत नाही. तो उजेड खातो, लांब बसलेल्याला भोक पडल्यासारखं दिसतं. माझ्या उस्तादानं मला काळा फक्त कोपऱ्यात वापरू दिला, तोही बोटभर. आणि आता नात म्हणत होती, सगळं काळंच कर.

तीन दिवस मी तेच पान उलटंसुलटं लावून पाहिलं. चौथ्या दिवशी छत्री घेतली आणि खऱ्या राइस मिलवर जाऊन बसलो.

भर दुपारचे बारा. आत गेलो तर बाहेरच्या उन्हानं डोळे दिपलेले, काहीच दिसेना. मग हळूहळू दिसायला लागलं. उंच पत्र्याला खिळ्यांची भोकं, प्रत्येक भोकातून उन्हाची एकेक काठी खाली आलेली, आणि त्या काठीत कोंड्याची धूळ फिरत होती. बाकी सगळा अंधार. मशीन दिसत नव्हती, मशीनच्या कडा दिसत होत्या. पोत्याची थप्पी दिसत नव्हती, एका पोत्याचा एक कान दिसत होता. मी तिथं पोत्यावर बसलो आणि मला कळलं की आपण उलटं करून राहिलो. मी उजेडावर अंधार काढत होतो. इथं आधी अंधार आहे, आणि कुणीतरी त्याला टोचून टोचून उजेड काढला आहे.

मी दोन तास एकाच जागी बसून वर पाहत होतो, मधूनमधून वहीत खुणा करत होतो. मिलच्या मुनीमाला वाटलं मी कोणत्यातरी ऑफिसातून आलो. आधी चहा आला. मग बिस्किटं आली. मग मुनीम स्वतः आला. "साहेब, काही कमी-जास्त आहे का?"

"उजेड जास्त आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गेलो तर पत्र्याची निम्मी भोकं बुजवलेली.

घरी येऊन मी कार्डशीटला पडद्यासारखाच हात दिला. पेज आणि खडू, दोन थर. वाळल्यावर अख्खं पान काजळीनं काळंभोर करून टाकलं. मग दाढीचं अर्धं ब्लेड घेतलं आणि अंधार खरवडायला लागलो. जिथं खरवडलं तिथं खालचा पांढरा खडू निघायचा. पत्र्यातून आलेली उन्हाची काठी एका झटक्यात निघाली. सायकलच्या चाकाची नुसती वरची कड निघाली, आणि बाकीची सायकल पाहणाऱ्यानं आपल्या मनानं पुरी केली. मला इतका आनंद झाला की मी बुढीला हाक मारून चहा मागितला नाही, स्वतः करून प्यायलो.

मोठी अडचण पावसाची. गोष्टीत अर्ध्या पानांवर पाऊस. ब्लेडनं एकेक धार ओढायची तर पोळा काय, दिवाळी आली असती. मग मला बुढीची फणी दिसली. फणी पानावर टेकवून तिरपी ओढली आणि एका हातात वीस धारा पडल्या. पाऊस फणीनं पडतो हे मला त्र्याहत्तराव्या वर्षी समजलं. बुढी सात दिवस फणी शोधत होती. आठव्या दिवशी तिनं पानं पाहिली, मग स्वतःच्या केसाला हात लावला आणि म्हणाली, "माह्या डोक्यातला पाऊस तुमच्या कागदात गेला वाटते."

तोवर तिचे संशयित बदलत होते. मालकावरून ती मुनीमावर आली, मुनीमावरून डबा देणाऱ्या बाईवर. पत्रात काय आहे ते कळलं तर सगळं कळेल, असं तिचं म्हणणं. एकदा तर तिनं मला विचारलं, "पोस्टमननंच तर नसन मारलं? इतलं कोन फिरते एका पत्रापायी?"

पोळ्याच्या दिवशी नात आली. दारात तोरण लागलेलं, बैलांची पूजा व्हायची होती, पण तिला बैल दिसलेच नाहीत. हातपाय धुऊन ती पानं घेऊन बसली. मी मुद्दाम तिच्याकडं पाठ करून बैलाच्या शिंगाला रंग देत होतो. कान मात्र मागं.

"बाप रे," ती म्हणाली. मग दुसऱ्या पानाला, "बाप रे, आबाजी." उड्डाणपुलाखालचा रस्ता, ट्रकच्या दिव्यात चमकणारं डबकं, मिलमधल्या उन्हाच्या काठ्या, पोलीस ठाण्यातली रिकामी खुर्ची आणि तिच्यावर पंख्याची सावली. बावीस पानं झाली होती. ती एकेक पान दोन्ही हातांनी धरून पाहत होती. माझ्या हातचा रंग शिंगावरून बैलाच्या कपाळावर गेला, इतका मी फुगलो.

मग तिनं पानं पुन्हा पहिल्यापासून चाळली.

"आबाजी, माणसं कुठं आहेत?"

"कोनती मानसं?"

"कोणतीच नाहीत! चौकीदार नाहीसा झाला ते ठीक आहे, तो गोष्टीतच आहे. पण पोस्टमन कुठं गेला? पोलीस कुठं गेले? मालक, मुनीम, बाई, सगळेच नाहीसे?"

मी पानं हातात घेतली. आता इथं धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागते. पडद्याची मधली जागा मोकळी सोडायची असते. तिथं नट उभा राहतो. मधे काही काढलं तर लोक चित्र पाहतील की नटाला? म्हणून झाड एका बाजूला, खांब दुसऱ्या बाजूला, मधे नुसता रस्ता. चाळीस वर्षं हात तसाच चालला होता. बावीसच्या बावीस पानांवर मी मधली जागा छान मोकळी सोडली होती, जशी नटमंडळी येणारच आहेत.

"जागा सोडली आहे ना," मी म्हणालो. "मानसं येतीन मंग."

"कुठून येतील? कागदावर कुणी चालत येते का?"

"तू काय मले शिकवून राहिली?"

"मग आत्ता एक पोस्टमन काढून दाखवा," ती म्हणाली. रागानं नाही, साधंच म्हणाली.

मी शिंगाला पुन्हा रंग द्यायला लागलो. ते शिंग आधीच दोनदा रंगवून झालं होतं.

बुढीनं उन्हाळ्यातलं ते पाहणं आता बोलून दाखवलं. "त्याईले मानूस काढता येत नाही, बाई. जंगलात कधी एक हरीनसुद्धा काढलं नाही."

"बुढे, तू गप राय."

नात काही हसली नाही. तेच मला लागलं. ती म्हणाली, "आबाजी, तुमच्या जागा इतक्या चांगल्या आहेत की मला त्या सोडायच्या नाहीत. असं करू, तो वर्गातला पोरगा यात माणसं टाकून देईल. परवा सकाळी दहाच्या गाडीनं मी जाते, पानं घेऊन जाते."

माझ्या रस्त्यावर कुणा पोरानं मशीनमधून काढलेली माणसं उभी राहणार. माझ्या पत्र्यातून आलेल्या उन्हात भाड्याचा पोस्टमन फिरणार. मी म्हणालो, "परवा दहा वाजेपर्यंत पानाले हात लावायचा नाही."

त्या दुपारी बुढीला अंगणात तांदूळ निवडत बसवलं आणि समोर बसून तिचं चित्र काढलं. तिला सांगितलं, हलू नको. ती हलली नाही, पण तोंड बंद ठेवलं नाही. दोन तासांनी तिनं कागद मागितला. आडवा धरला, उभा धरला.

"हे मी होय?"

"मंग कोन?"

"मले वाटलं धानाचं पोतं होय. तोंड बरोबर बांधलं आहे मात्र."

नातीनं पदरात तोंड लपवावं तसं ओढणीत लपवलं. मी कागद चुलीत घातला.

मग आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरलो कधीच नव्हतो. आपल्या हातच्या एका पडद्यावर एक माणूस होता.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडं एक नट होता, नाटकात कायम दुष्ट माणसाचं काम करायचा. माझा तो बरोबरीचा, आम्ही एका ताटात जेवायचो. एका मंडईत मी रस्त्याचा नवा पडदा दुपारी पुरा केला आणि संध्याकाळी टांगला. हा पांढरा कोट घालून तयार झाला, पडद्यापाशी आला आणि म्हणाला, "वाळला का बे?" मी म्हणालो, "माहा रंग दुपारीच वाळते." तो जोडा बांधायला पडद्याला पाठ टेकून उभा राहिला. पडदा वाळलेला नव्हता. नाटकात तो पोरगी पळवायला आला आणि वळला, तर पाठीवर आख्खा डांबरी रस्ता. लोक त्याला भ्यायचे सोडून हसायला लागले ते शेवटपर्यंत. तो म्हणाला, तू माझं नाव बुडवलं. मी म्हणालो, पडदा काय टेकायसाठी असते? त्यानं कोटाच्या बदल्यात पडदाच घरी नेला. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. आणि त्या पडद्यावर, रस्त्याच्या मधोमध, जिथं त्याची पाठ टेकली तिथला रंग निघून एक पांढुरका माणूस उमटला होता.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोट्टे लाकडाचे बैल ओढत निघाले होते, त्यांच्यातून वाट काढत मी बस गाठली. त्याचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, आता तो पुनर्वसनाच्या गावात राहतो. सगळी घरं सारखी. मला त्याचं घर विचारावं लागलं नाही. एका ओसरीला पावसाची झड अडवायला माझा रस्ता टांगलेला होता, आणि त्याच्या मागून दोन बकऱ्या तोंड काढून पाहत होत्या.

तो खाटेवर बसला होता. मला नीट ओळखून त्यानं विचारलं, "कोन पाहिजे?"

"पडदा पाहाले आलो."

"एकोनीस वर्षं लागले?"

"रस्त्याचं काम चालू होतं," मी म्हणालो.

त्यानं हसू गालात दाबलं, पण ते मिशीतून दिसलंच. उठला, बकऱ्या बाजूला केल्या आणि पडदा ताणून धरला. रंग बराचसा उडालेला, खालची किनार बकऱ्यांनी खाल्लेली. पण मधला माणूस जागेवर. मान खाली, एक खांदा उचललेला, एक गुडघा वाकलेला. नाक नाही, डोळे नाहीत, तरी कुणीही सांगावं की हा माणूस दमला आहे आणि कुणाची तरी वाट पाहून राहिला आहे. मला आमचा पोस्टमन सापडला होता.

"गाव बुडालं तवा खाट सोडली, हे आनलं," तो म्हणाला. "काहून माहीत आहे? तुह्या जिंदगीत तुह्या पडद्यावर एकच मानूस निंघाला. अन् तोबी म्या काढला. पाठीनं."

मी सगळी गोष्ट सांगितली. नात, काळी कादंबरी, चौकीदार, पत्र. आणि पडदा मागितला.

"नेजो," तो म्हणाला. "पन पयले म्हन."

"काय म्हनू?"

"वाळला नोहता म्हन."

मी बकरीकडं पाहिलं. बकरी माझ्याकडं पाहत होती. रंग वाळलेला नव्हता हे मला त्या संध्याकाळीच माहीत होतं. बोट लावलं असतं तर त्यालाही दिसलं असतं. मी बोट लावलं नाही, कारण लावलं असतं तर माझा रंग दुपारी वाळते हे खोटं पडलं असतं.

"वाळला नव्हता," मी म्हणालो.

"अन् दुसरं?"

"दुसरं कोनतं?"

"मानूस काढता येत नाही तुले. मले पयल्या दिवसापासून मालूम आहे बे. जंगलाच्या पडद्यात पाखरूसुद्धा नाही. आमाले वाटे, हा मानूस गेलेलं जंगल काढते."

इथं मला एक सांगायचं राहिलं ते सांगून टाकतो. पाचवीत गुरुजींनी मला बाहेर काढलं नव्हतं. त्यांनी खडू माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, मग तू काढून दाखव. मी खडू घेतला नाही. मीच दाराबाहेर गेलो, आणि तेव्हापासून चालतोच आहे.

"नाही येत," मी म्हणालो. "बाकी सगळं येते."

"बाकी सगळं येते," तो म्हणाला. "चाल, चहा पी."

संध्याकाळी आम्ही दोघं पडद्याची गुंडाळी ऑटोत आडवी घालून अड्याळला आलो. एक टोक बाहेर, ते त्यानं धरलं. बुढीनं त्याला पाहिलं आणि एक ताट जास्त मांडलं. जेवताना त्याला पोस्टमनची गोष्ट पुन्हा सांगितली. त्यानं विचारलं, माझं काम कुणाचं? नात म्हणाली, चांगल्या माणसाचं. तो जेवायचा थांबला. म्हणाला, "आयुष्यभर पोरी पळवल्या, आता पत्र वाटतो म्हंजे."

नातीनं पडद्यावरच्या माणसाचे फोटो काढले, पण एक माणूस एकाच ढबीत तीस पानं कसा फिरणार? तिला चालणारा पाहिजे, वाकून पाहणारा पाहिजे, पत्र धरलेला पाहिजे. बोलता बोलता मी म्हणालो, पाठीनं निघते तर सावलीनं काहून नाही निघनार? मला माणूस काढायचा नाही, माणसाची कड गिरवायची आहे. कड मला गिरवता येते. मोठ्या कापडावर अंगाएवढा काढतो, मग मशीननं लहान करून पानात बसवू. लहान करणं मशीनचं, माणूस आमचा. नात म्हणाली, चालेल. अडचण एवढीच की चार दिवसांपासून आभाळ भरलेलं होतं, आणि भरल्या आभाळात सावली पडत नाही.

तिनं शेवटची पानं बुढीला वाचून दाखवली. मला बाहेर काढून, दार लावून. बुढी बाहेर आली ती डोळे मोठे करून, आणि म्हणाली, धानाच्या पोत्याले सगळं कळलं, पन पोतं सांगनार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून मी मांजरपाटाला पेज आणि खडूचा हात दिला, वाळू दिलं आणि पश्चिमेच्या भिंतीला ताणून ठोकलं. आठ वाजले तरी ऊन नाही. माझा दोस्त नातीनं आणलेली खाकी टोपी घालून, खांद्याला माझी बाजाराची पिशवी लावून, एका हातात लिफाफा धरून उभा. बुढी म्हणाली, असा पोस्टमन आला असता तर मीच पत्र घेतलं नसतं. नऊला ढगाला भोक पडलं, आणि कापडावर माणूस पडला. मी कोळसा घेऊन धावलो. मान गिरवली, टोपीची कड, लिफाफ्याचा कोपरा, वाकलेला गुडघा. ऊन गेलं. आलं. तो चालत्या ढबीत उभा राहिला, मग वाकलेल्या. "नाक मोठं नको काढू," तो म्हणाला. "नाक उन्हानं काढलं, मले काय सांगतं?" मी म्हणालो. तिसरी सावली गिरवून झाली तेव्हा दहाची गाडी हॉर्न देऊन नाक्यावरून गेली, आणि नातीनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मग मी मोठी कुंची काजळीत बुडवली आणि पहिल्या माणसाला आतून काळं भरलं, डोक्यापासून जोड्यापर्यंत, मधली जागा पुरी. मागं सरकून पाहिलं. उभा होता तो. माझा दोस्त माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, आपल्याच सावलीकडं बघत, त्यानं हात पुढं केला आणि तसाच हवेत थांबवला.

"वाळला का बे?"

मी कापडाला बोट लावलं. बोट काळं झालं.

"नाही," मी म्हणालो. "थांब थोडा."